पिशवीतले तेल आणि निवडणारे हात

मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासळीपेक्षा पिशव्याच जास्त लागतात. माताभगिनींनो, त्या चुलीत घालू नका. धूर लेकरांच्याच छातीत जातो.

दुधाची पिशवी मुळात खनिज तेलाचीच लेक. हवा बंद करून ती ४०० अंशांच्या वर तापवली की तिच्या लांब साखळ्या तुटतात, वाफ थंड होऊन तेल मिळते. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांनी असे इंधन करून दाखवले. साखळी बारीक तुटली तर इंधन, मध्यम राहिली तर यंत्राचे वंगण. २०१९ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांनी ही मध्यम लांबी प्रयोगशाळेत साधली.

खरी मेख निवडण्यात आहे. पीव्हीसी पाइपचा तुकडा आत गेला की आम्लाचा वायू सुटतो, भट्टी गंजते. नायलॉनची जाळीही बाजूला काढावी लागतात. आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ले नगर परिषदेने कचरा वेगळा करून प्लास्टिक डांबरी रस्त्यात वापरले.

हे निवडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी आले, ते आम्ही सांगायला नको. म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही विचारणार आहोत: निवडणाऱ्या बायांना हातमोजे, हजेरी आणि विक्रीतला वाटा ठरावात लिहून देणार का?