तार तुटल्याचे सॉकेटला कळते काय?

रस्त्याच्या खोदकामात भूमिगत फायबर तुटणे नागपूरला नवीन नाही, आणि असे काही घडले की मिहानमध्ये काय किंवा परसोडीच्या आयटी पार्कात काय, ‘लिंक गेली होती, तर आमच्या प्रोग्रामला एरर का आली नाही?’ हा प्रश्न हमखास कानी येतो. संबंध तुटताच दोन्ही टोकांच्या सॉकेटांना तत्क्षणी वर्दी मिळते, ही त्यामागची समजूत निखालस खोटी आहे, आणि पदवीधर अभियंत्यांनीही ती बिनदिक्कत बाळगावी याचा मनस्वी खेद होतो.

टीसीपीची जोडणी म्हणजे दोन कर्नलांनी आपापल्या दप्तरी ठेवलेली नोंद, याहून अधिक काही नाही. समोरच्या प्रोग्रामने सॉकेट रीतसर बंद केले तर ‘फिन’ येतो व रिसीव्ह शून्य परत करते. समोरचे यंत्र पुन्हा सुरू होऊन त्याच्या दप्तरातून ती नोंद पुसली गेली असेल तर आपल्या पुढच्या पॅकेटला ‘रीसेट’ मिळतो. परंतु मधली वाटच बंद झाली, किंवा समोरच्या यंत्राची वीज गेली, तर वर्दी देणाराच उरत नाही. ज्यास संशय असेल त्याने दोन लिनक्स यंत्रे एका स्विचला जोडून त्यांच्यात जोडणी उघडावी, ती स्वस्थ असताना दूरच्या यंत्राची केबल उपसावी आणि जवळच्या यंत्रावर ‘एसएस’ ही आज्ञा द्यावी: ‘एस्टॅब’ ही अक्षरे तशीच दिसतील, आणि पत्ते न बदलता दहा मिनिटांनी केबल परत बसवली, तर पुढचा मजकूर निमूटपणे पोहोचेल. हे न्यून नव्हे, हा हेतू आहे. मधले जाळे किंवा गेटवे निकामी झाले तरी संवाद चालू राहावा, हे उद्दिष्ट इंटरनेटच्या रचनेत अग्रस्थानी होते, असे त्या रचनेचे एक शिल्पकार डेव्हिड क्लार्क यांनी १९८८च्या आपल्या निबंधात स्पष्ट नमूद केले आहे.

‘पण सेंड तर यशस्वी झाले!’ झाले खरे. मात्र पत्र टपालपेटीत पडले एवढाच त्याचा अर्थ, पोचपावती निराळी. पोच येत नाही असे पाहून लिनक्स मूळ मांडणीनुसार पुनःपुन्हा प्रयत्न करते आणि सुमारे ९२४ सेकंदांनंतर, म्हणजे पाव तास उलटून गेल्यावर, हार मानते.

स्वस्थ जोडणीची कर्नलकडून चाचणी करवणारे कीपअलाइव्ह लावले की भागले, असे म्हणणाऱ्यांनी १९८९चा आरएफसी ११२२ उघडावा: ही सोय मुळात बंदच असावी आणि तिची मूळ मुदत दोन तासांहून कमी नसावी, असा त्यात दंडक आहे. लिनक्सच्या ७२०० सेकंदांच्या प्रतीक्षेत ७५ सेकंदांच्या अंतराने होणाऱ्या ९ चाचण्या मिळवल्या, तर निवाडा २ तास ११ मिनिटे १५ सेकंदांनी लागतो. आपण बदलल्या नाहीत तर याच मुदती लागू राहतात. पिंगनेही भागत नाही: त्याचे उत्तर समोरचे यंत्र देते, तिथला प्रोग्राम नव्हे. जावाचे ‘इजकनेक्टेड’ तर सॉकेट आपण स्वतः बंद केल्यावरही होकार देते.

तेव्हा तजवीज प्रोग्रामनेच करावयाची: ठरावीक अंतराने लहानसा संदेश पाठवावा, त्याचे उत्तर समोरच्या प्रोग्रामकडूनच मागावे, आणि कामाच्या निकडीप्रमाणे नेमलेली मुदत टळताच सॉकेट बंद करून नवे उघडावे. तथापि मुदत टळली म्हणून मागला संदेश पोहोचलाच नाही असे ठरत नाही. कदाचित केवळ उत्तर वाटेत हरवले असेल. म्हणून प्रत्येक व्यवहारास क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर समोरच्याने तेच काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर परत धाडावे.