शेजारची बंदूक आणि घराची किंमत

अमेरिकेत घर घेणारा माणूस सही करण्यापूर्वी काय काय तपासतो, याची यादी लांबलचक असते. कोणती शाळा लागते, मालमत्ता कर किती, छप्पर किती वर्षांचे, तळघरात पाणी झिरपते का, वाळवी आहे का, रेडॉन वायूचे प्रमाण किती. त्यासाठी पैसे मोजून निरीक्षक बोलावतात आणि त्याचा अहवाल पानोपानी वाचतात. शेजारच्या कपाटात बंदूक आहे का, हा प्रश्न मात्र त्या यादीत नसतो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी स्वतःकडे बंदूक असल्याचे सांगितले. घरातल्या दुसऱ्या कुणाची बंदूक धरली, तर दहापैकी चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात.

आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली मुले आज न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, अटलांटाच्या उपनगरांत घरे घेत आहेत. इथून आईवडील फोनवर हमखास विचारतात, "एरिया कसा आहे रे?" उत्तर बहुधा किमतीच्या भाषेत येते: "चांगला आहे, म्हणून तर महाग आहे." महाग म्हणजे सुरक्षित, हे समीकरण बंदुकीच्या बाबतीत कितपत खरे आहे, ते या लेखात तपासायचे आहे. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण या विषयावरचे संशोधन मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यातून दिसते ते असे: घरांचा बाजार गोळीच्या आवाजाची किंमत लावतो, कपाटातल्या बंदुकीची लावत नाही.

किंमत सुटी कशी करतात?

घराची किंमत एक आकडा असला, तरी तो अनेक गुणदोषांची बेरीज असतो. आपल्याकडेही लिफ्ट, पार्किंग, नळाचे पाणी, स्टेशनचे अंतर यांवरून एकाच रस्त्यावरच्या दोन फ्लॅटच्या भावात फरक पडतो. हजारो व्यवहारांची आकडेवारी घेऊन प्रत्येक गुणाचा वाटा वेगळा काढायचा, या पद्धतीला 'हेडॉनिक' किंमत-विश्लेषण म्हणतात. तिची सैद्धांतिक मांडणी शेरविन रोझेन यांनी १९७४ साली केली.

शेजारी कोण राहतो याचाही वाटा या पद्धतीने काढता येतो. अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचे पत्ते कायद्याने जाहीर होतात. लिंडन आणि रॉकॉफ यांनी २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील मेक्लेनबर्ग काउंटीतले व्यवहार तपासले. असा माणूस राहायला आला, की त्याच्यापासून सुमारे १६० मीटरच्या आतल्या घरांच्या किमती सरासरी ४ टक्क्यांनी उतरल्या. त्यापलीकडे परिणाम झपाट्याने विरला. त्याच वर्षी पोप यांनी फ्लोरिडातील हिल्सबरो काउंटीतला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घसरण थोडी कमी होती, पण असा माणूस घर सोडून गेल्यावर किमती पुन्हा पूर्ववत झाल्या.

यावरून दोन गोष्टी कळतात. शेजाऱ्याची भीती किमतीत उतरते आणि ती काही पावलांच्या अंतरात उतरते. पण त्यासाठी ती भीती गिऱ्हाइकाला माहीत असावी लागते. पत्ता जाहीर होता, म्हणून भाव हलला.

नोंदच नाही

बंदुकीच्या बाबतीत नेमकी हीच अट पुरी होत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढावा लागतो, त्याची नोंद प्रशासनाकडे असते आणि निवडणुका आल्या की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही ठेवायला मनाई केली आहे. खरेदीचा फॉर्म दुकानदाराकडे राहतो. दुकान बंद झाले तर त्याचे कागद वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गच्या केंद्रात जातात. पण तिथेही मालकाच्या नावाने शोध घेता येईल अशी यादी करता येत नाही. हवाईसारख्या राज्यात नोंदणी सक्तीची आहे, पण तो अपवाद.

मग संशोधक बंदुका मोजतात कशा? फिलिप कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेले माप ऐकायला विषण्ण वाटते: एकूण आत्महत्यांपैकी किती बंदुकीने झाल्या, हे प्रमाण. जिथे घरोघरी बंदुका, तिथे हे प्रमाण जास्त. राज्य किंवा काउंटी यांच्या पातळीवर हे माप चालते. एखाद्या गल्लीतल्या वीस घरांसाठी ते निरुपयोगी आहे. आणि घराचा भाव तर गल्लीच ठरवते.

फसवी तुलना

बंदुका जास्त असलेली राज्ये आणि घरांच्या किमती शेजारी शेजारी मांडल्या तर काय दिसते? न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, हवाई इथे बंदुका कमी, घरे महाग. ग्रामीण दक्षिणेत बंदुका पुष्कळ, घरे स्वस्त. बंदुकांमुळे भाव पडतात, असा निष्कर्ष इथे कुणीही काढील. पण तो टिकत नाही. प्यूच्याच पाहणीत खेड्यांतल्या ४७ टक्के प्रौढांकडे बंदूक होती, उपनगरांत ३० आणि शहरांत २० टक्के. खेड्यात जमीन मुबलक, नोकऱ्या कमी, म्हणून घर स्वस्त. शिकारीची परंपरा आणि पोलीस लांब, म्हणून बंदूक. दोन्हींचे मूळ एकच, पण एकामुळे दुसरे घडलेले नाही. वायोमिंगमध्ये घरोघरी बंदुका असूनही त्याच राज्यातले जॅक्सन हे पर्यटनाचे गाव देशातल्या अत्यंत महागड्या ठिकाणांत मोडते.

उलट बाजूचा दाखला म्हणून जॉर्जियातील केनेसॉचे नाव घेतात. इलिनॉयमधील मॉर्टन ग्रोव्ह या गावाने १९८१ मध्ये पिस्तुलांवर बंदी घातली, तेव्हा त्याला उत्तर म्हणून केनेसॉने १९८२ मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक ठेवलीच पाहिजे असा ठराव केला. गाव पुढे भरभराटले. १९८० च्या सुमारे पाच हजार वस्तीचे २०२० पर्यंत तेहतीस हजार झाले. पण याच काळात अटलांटाची उपनगरे सगळीकडेच फुगत होती आणि केनेसॉ त्यांपैकीच एक. शिवाय ज्यांना तत्त्व किंवा धर्म म्हणून बंदूक नको त्यांना ठरावातच सूट होती. गाव वाढले याचे श्रेय बंदुकीला द्यायला आधार नाही.

चोर काय वाचतो?

शेजारच्या बंदुकीमुळे आपलेही घर राखले जाते, असे मानणारे गिऱ्हाईक अमेरिकेत थोडे नाही. प्यूच्या पाहणीत ७२ टक्के बंदूकमालकांनी संरक्षण हे मोठे कारण सांगितले. चोराला कोणत्या घरात बंदूक आहे हे ठाऊक नसते, म्हणून तो साऱ्या गल्लीलाच वचकतो, असा हा युक्तिवाद. कुक आणि लुडविग यांनी याची तपासणी केली, तेव्हा आकडे उलटे निघाले: बंदुकांचे प्रमाण वाढले तिथे घरफोड्या कमी होण्याऐवजी थोड्या वाढलेल्याच दिसल्या. कारण सरळ आहे. बंदूक हलकी, महाग आणि चटकन खपणारी. चोराच्या दृष्टीने सोन्याच्या बांगडीसारखी. घरात माणूस नसेल तर ती राखण करीत नाही, तीच चोरीला जाते.

मग चोराला पत्ते कळले तर? टेनेसीतील मेम्फिसच्या 'कमर्शिअल अपील' या वृत्तपत्राने २००८-०९ च्या सुमारास पिस्तूल बाळगण्याचा परवाना असलेल्यांची यादी वाचकांना संगणकावर शोधता येईल अशी खुली केली. अक्विस्ती आणि टकर या संशोधकांनी पुढे घरफोड्यांचे आकडे पाहिले. यादीचा बोभाटा झाल्यावर जास्त परवाने असलेल्या पिनकोडांत घरफोड्या घटल्या आणि कमी परवाने असलेल्या पिनकोडांत वाढल्या. एका मोहल्ल्याला लाभ झाला तो दुसऱ्या मोहल्ल्याच्या पदरात संकट टाकून.

अशा याद्या फार दिवस उघड्या राहिल्या नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडील 'जर्नल न्यूज' या दैनिकाने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड काउंट्यांतल्या पिस्तूल-परवानाधारकांची नावे पत्त्यांसह नकाशावर टाकली. एवढा गदारोळ उठला की पत्रकारांच्याच घरांचे पत्ते लोकांनी प्रसिद्ध केले आणि कचेरीवर सशस्त्र पहारेकरी नेमावे लागले. जानेवारी २०१३ मध्ये राज्याने नवा कायदा करून परवानाधारकांना आपले नाव गुप्त ठेवण्याची मुभा दिली. काही दिवसांत नकाशा उतरवला गेला. त्याच वर्षी टेनेसीनेही परवान्यांची माहिती गोपनीय केली. तो नकाशा तसाही अपुरा होता: परवाना आहे म्हणजे घरात पिस्तूल आहेच असे नाही, आणि रायफली व शॉटगन त्यात नव्हत्याच.

आवाजाची किंमत

गोळी सुटली, माणूस पडला, बातमी आली, की बाजार लगेच जागा होतो. अर्बन इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये काही शहरांची आकडेवारी जनगणनेच्या छोट्या विभागांनुसार तपासली. मिनीॲपोलिसमध्ये एखाद्या विभागात बंदुकीने झालेला एकेक जादा खून तिथल्या घरांच्या सरासरी किमतीतल्या सुमारे २२ हजार डॉलरांच्या घटीशी निगडित होता. दुकाने आणि नोकऱ्याही आटल्या.

हा फटका बसतो कुणाला? ज्यांच्या दारात गोळ्या झाडल्या गेल्या त्यांनाच. अमेरिकेत सामान्य कुटुंबाची बहुतेक पुंजी घरात गुंतलेली असते आणि स्थानिक शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो. भाव पडले की कर्जाला तारण कमी, शाळेला पैसा कमी आणि सोडून जायची ऐपतही कमी. त्यातही कृष्णवर्णीय वस्त्यांवर हा भार जास्त पडतो. म्हणून तिथले दलाल "हा भाग सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला सहसा थेट उत्तर देत नाहीत. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने गिऱ्हाइकाला वंशावरून अमुक वस्तीकडे वळवणे बेकायदेशीर ठरते, आणि 'सुरक्षित' हा शब्द त्यासाठी फार वर्षे वापरला गेला. २०२१ च्या अखेरीस 'रिअल्टर डॉट कॉम'ने आपला गुन्ह्यांचा नकाशा काढून टाकला, 'रेडफिन'नेही अशी माहिती देणार नसल्याचे जाहीर केले, तेही याच काळजीपोटी.

झाकली मूठ

'जर्नल न्यूज'ने तो नकाशा छापला, त्याला निमित्त होते कनेटिकटमधील न्यूटाउनचे. १४ डिसेंबर २०१२ रोजी तिथल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली. त्याआधी घरात स्वतःच्या आईला मारले. बंदुका आईच्याच होत्या, कायद्याने घेतलेल्या. ते घर चांगल्या वस्तीत होते, ऐसपैस होते आणि आदल्या दिवशीपर्यंत त्याच्या किंवा शेजारच्या घरांच्या भावात त्या बंदुकांची कसलीही खूण नव्हती. नंतर बँकेने ते घर गावाला देऊन टाकले आणि २०१५ मध्ये गावाने ते पाडले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. कपाटातली बंदूक ही तशी झाकली मूठ आहे. तिच्यासह घराला पूर्ण भाव येतो. आणि तिचा धोका प्रामुख्याने त्याच चार भिंतींच्या आत असतो. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली; त्यांतल्या निम्म्याहून जास्त, सुमारे २७ हजार, आत्महत्या होत्या. या आत्महत्यांची बातमी होत नाही, गल्लीत आवाज पोचला तरी त्याचा गवगवा होत नाही, म्हणून भावही हलत नाही. महाग वस्तीत रस्त्यावर गोळीबार कमी असतो, एवढे किंमत खरे सांगते. घराच्या आत काय आहे, ते ती सांगत नाही.

मग विचारायचे काय?

घर घेणाऱ्याने पोलिसांनी जाहीर केलेल्या नोंदी स्वतः पाहाव्यात, वस्तीत दिवसा आणि रात्री चक्कर मारावी. शेजाऱ्यांकडे किती बंदुका आहेत हे त्याला कळणार नाही, आणि कळले तरी घराचा भाव त्यावरून ठरवता येणार नाही. खरा उपयोगाचा प्रश्न राहायला गेल्यानंतरचा आहे. २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून संशोधकांनी अंदाज काढला, की सुमारे ४६ लाख अमेरिकन मुले अशा घरात राहतात जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते. म्हणून तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते, की मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाणार असेल तर आधी विचारा: तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का?

आपल्या माणसांना हा प्रश्न विचारणे जड जाते. शेजारधर्मात तो उद्धटपणा वाटतो. पण मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे किंवा तुमचा कुत्रा चावतो का, हे आपण विचारतोच ना? त्याच ओघात हेही विचारता येते. नातवंडे तिकडे असतील, तर "एरिया कसा आहे?" या आपल्या नेहमीच्या चौकशीला पुढच्या फोनवर एवढी जोड द्यावी: "तो ज्याच्याकडे खेळायला जातो, त्यांना विचारलंस का?"