टाकीतील शिंपले का दगावतात?

गोड्या पाण्यात मोती तयार करण्याचे तंत्र भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केले. त्याची वार्ता ऐकून पुणे शहरात अंगणात किंवा गच्चीवर टाकी ठेवून शिंपले पाळू पाहणाऱ्यास मोत्याची चिंता पुढची असते. आधी शिंपले जगविणेच कठीण जाते. अशा गृहस्थाने सल्ला विचारल्यास ग्रामसेवकाने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्यात काही बाधक आले की शिंपला झडपा मिटून घेतो आणि कित्येक दिवस तसाच राहू शकतो. पाहणाऱ्यास तो धडधाकट वाटतो. म्हणून मृत्यू आज दिसला तरी त्याचे कारण मागील पंधरवड्यात शोधावे लागते. टाकीत त्या काळात काय घातले, पाणी केव्हा व कोठून भरले, हे आधी विचारावे.

पुण्याच्या बाबतीत पहिला संशय नळाच्या पाण्यावर घेणे योग्य होय. खडकवासल्याचे पाणी पर्वती येथील केंद्रात शुद्ध होते, त्या वेळी त्यात क्लोरीन मिसळतात. माणसास हितकर असा हा क्लोरीन शिंपल्याच्या कल्ल्यांना जाळतो. पाणी पसरट, उघड्या भांड्यात निदान २४ तास उन्हात ठेवून, अधूनमधून ढवळून मगच टाकीत सोडावे. सिमेंटची टाकी नवी असल्यास तिचा चुनाही पाण्यात उतरतो. काही आठवडे पाणी भरून ते वरचेवर बदलल्याखेरीज तीत शिंपले सोडू नयेत.

दुसरा शत्रू मोरचूद. शेवाळ मारण्यासाठी किंवा माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषध टाकीत घातले जाते. माशास सोसणारी मात्राही शिंपल्यास मारक ठरू शकते. द्राक्षबागेच्या फवारणीसाठी बोर्डो मिश्रण कालविलेली बादली शिंपल्यांच्या पाण्यासाठी कदापि वापरू नये.

मासे खेळत आहेत, अर्थात पाणी निर्दोष आहे, हा समज टाकून द्यावा. अमोनियाच्या बाबतीत गोड्या पाण्यातील शिंपले बहुतेक माशांहून नाजूक असतात. ही बाब लक्षात घेऊनच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ साली अमोनियाची मर्यादा अधिक कडक केली. टाकीत हा अमोनिया मेलेल्या शिंपल्यातूनही येतो. एक कुजला की शेजारचे आजारतात. उघडा शिंपला बोटाने डिवचला असता मिटत नसेल, तर तो मेला असे समजून तात्काळ बाहेर काढावा व निम्मे पाणी बदलावे. ही पाहणी रोज सकाळी व्हावी. उन्हाळ्यात तर दोनदा. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि कूजही लवकर होते.

आता अन्नाविषयी. लक्षद्वीपच्या प्रवाळातील राक्षसी शिंपल्यास त्याच्या अंगातील सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न करून देते. (ते शिंपले पकडण्यास वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे हौशी लोकांस सांगून ठेवावे.) आपल्या नद्यांतील लॅमेलिडेन्स जातीच्या शिंपल्यास ही सोय नाही. तो पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शेवाळावर जगतो. काचेसारखे स्वच्छ पाणी म्हणजे त्याला उपवास! अंगातील साठ्यावर तो आठवडेच्या आठवडे काढतो व मग एकाएकी अनेक मरतात. हिरवट पाणी शेजारच्या पिंपात, शेणाच्या पातळ काल्यावर, आधीच तयार करून थोडे थोडे घालीत जावे. शेणकाला थेट शिंपल्यांच्या टाकीत ओतू नये.

माझ्या मते ज्यास शेततळे उपलब्ध आहे, त्याने टाकीच्या नादी लागू नये. तळ्यात पाणी अधिक, अन्न आपोआप तयार होते, आणि शिंपले जाळीच्या पिशव्यांत सुमारे एक मीटर खोलीवर टांगता येतात. शिवाय शिंपल्याची पिल्ले आरंभी माशांच्या अंगाला चिकटून वाढतात, त्यामुळे घरच्या टाकीत पैदास सहसा होत नाही. मेलेल्या प्रत्येक शिंपल्याची भरपाई नदीतूनच होते.

ज्यास टाकीच करावयाची आहे, त्याने विक्रेत्याकडून एकदम शेकड्यांनी शिंपले न घेता पाच-सहाच आणावेत, एका शिंपल्यास निदान एक लिटरहून पुष्कळ अधिक पाणी द्यावे आणि दोन महिने त्यांच्यावर नजर ठेवावी. तेवढ्या मुदतीत एकही न दगावल्यास पुढील खरेदीचा विचार करावा.