शैवालाचा विषाणू आणि मेंडेलचा नियम

नाशिकच्या आसपास कुठेही खणायला घेतले की काळा कातळ लागतो. पांडवलेणी कोरली आहेत ती याच कातळात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर आहेत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हरजवळचे कडे मात्र पांढरेशुभ्र आहेत, कारण ते खडूचे आहेत. आपण वर्गात वापरतो तो खडू बहुधा जिप्समचा असतो. हा खडू वेगळा. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांची चुन्याची कवचे तळाशी साचत गेली, त्यांचा हा दगड झाला.

या शैवालांचे भाऊबंद आजही समुद्रात आहेत. त्यांतले सर्वांत जास्त आढळणारे म्हणजे एमिलियानिया हक्सलेयी. याची पेशी साधारण पाच मायक्रॉनची. म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात अशा दोनशे पेशी ओळीने बसतील. पेशीभोवती कॅल्शियम कार्बोनेटच्या नक्षीदार चकत्या असतात. अनुकूल काळात ही पेशी भराभर वाढते आणि शेकडो चौरस किलोमीटर समुद्र दुधाळ निळा दिसू लागतो. उपग्रहाच्या छायाचित्रातही तो ओळखू येतो. काही आठवड्यांनी मात्र ही वाढ एकाएकी ओसरते. एवढ्या पेशी जातात कुठे?

समुद्रातले विषाणू

काही पेशी सूक्ष्म प्राणी खातात हे माहीत होतेच. पण १९८९ मध्ये नॉर्वेतील बर्गेनच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नैसर्गिक पाण्यातले विषाणू मोजले. काही नमुन्यांत एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत विषाणूकण निघाले. त्यांतले बहुतेक जीवाणूंवर वाढणारे असतात, पण शैवालांवर वाढणारेही असतात. १९९९ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ एमिलियानियाची मोठी वाढ झाली व ओसरली. त्या पाण्यातून तिचा विषाणू वेगळा करता आला.

या विषाणूचा व्यास सुमारे १८० नॅनोमीटर. मुलांना समजावे म्हणून असे सांगता येईल : पाच मीटर रुंदीचा वर्ग ही पेशी मानली, तर विषाणू वीतभरापेक्षा थोडा लहान भरेल. विषाणूंच्या जगात हा आकार मोठाच आहे. एड्सच्या विषाणूत अवघी नऊ जनुके असतात. कोविडच्या विषाणूच्या जनुकसाखळीत सुमारे ३० हजार अक्षरे असतात. २००५ साली एमिलियानियाच्या विषाणूचा डीएनए संपूर्ण वाचला गेला, तेव्हा त्यात ४ लाख ७ हजारांहून अधिक आधारकांच्या जोड्या आणि सुमारे ४७२ जनुके आढळली.

त्यातली काही जनुके अनपेक्षित होती. स्फिंगोलिपिड नावाचे मेद तयार करण्याची कृती त्यांत लिहिलेली होती. विषाणूला स्वतःचा चयापचय नसतो. मग मेद बनवण्याची जनुके त्याला कशाला हवीत? २००९ मध्ये तुलना केल्यावर दिसले, की शैवालाकडेही याच जनुकांचा संच आहे आणि तो या दोघांमध्ये केव्हातरी हस्तांतरित झालेला आहे. विषाणू पेशीत शिरला, की या जनुकांच्या मदतीने पेशीकडून स्वतःला हवे तसे मेद बनवून घेतो. या मेदांमुळे पेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू होते. पेशी फुटते, शेकडो नवे विषाणू बाहेर पडतात. पेशीतला ऐवज पाण्यात मिसळून जीवाणूंचे अन्न होतो आणि चुन्याच्या चकत्या खाली बसू लागतात.

निसटण्याची वाट

असे असेल तर हे शैवाल आतापर्यंत नामशेष कसे झाले नाही? याचे एक उत्तर त्याच्या जीवनचक्रात आहे. चकत्यांनी मढलेली पेशी द्विगुणित असते. तिच्यात गुणसूत्रांच्या जोड्या असतात. अर्धसूत्री विभाजनातून एकगुणित पेशी तयार होतात. त्यांना चकत्या नसतात, मात्र कशाभिका असतात आणि त्यांच्या साहाय्याने त्या पोहतात. २००८ मध्ये संशोधकांना आढळले, की या एकगुणित पेशींना तो विषाणू बाधतच नाही. द्विगुणित पेशी संपल्या तरी त्या मागे उरतात. जनुके त्याच कुळातली, पण रूप असे की विषाणूला शिरकाव नाही. अर्धसूत्री विभाजनाचा उपयोग काय, या मुलांच्या प्रश्नाला पुस्तकात नसलेले हे एक उत्तर.

वारसाहक्काने मिळणारा विषाणू

दुसऱ्या एका शैवालात नेमके उलटे घडते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात तपकिरी शैवालांच्या उदाहरणांत एक्टोकार्पस हे नाव आहे. खडकांवर, बोटींच्या बुडाला वाढणारे हे तंतुमय शैवाल आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आढळते. त्याच्या वाढलेल्या पेशींना जाड भित्ती असते, त्यामुळे विषाणूला आत जाता येत नाही. पण त्याचे पोहणारे बीजाणू आणि युग्मके यांना भित्ती नसते. विषाणू नेमका तेव्हाच शिरतो.

शिरल्यावर तो पेशी फोडत नाही. त्याचा डीएनए शैवालाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. पुढे पेशी विभागत जाते, तशी प्रत्येक पेशीत त्याची प्रत उतरते. शैवाल नेहमीसारखे वाढते. बीजाणुधानी किंवा युग्मकधानी तयार होण्याची वेळ आली, की मात्र विषाणू जागा होतो आणि त्यांपैकी काहींमध्ये बीजाणूंऐवजी विषाणूच भरतात. बाहेर पडण्याची वेळही तो तीच साधतो, जेव्हा शेजारच्या शैवालांचे भित्तीहीन बीजाणू पाण्यात पोहत असतात.

सगळ्याच बीजाणुधानी अशा बिघडत नाहीत. ज्या शाबूत राहतात, त्यांत अर्धसूत्री विभाजन होऊन बीजाणू बनतात. एका द्विगुणित शैवालात जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर विषाणू असेल, तर त्याच्या किती बीजाणूंना तो मिळेल? जर्मनीतील कॉन्स्टान्स येथील डीटर म्युलर यांनी १९९१ मध्ये दाखवले, की निम्म्यांना. वाटाण्याच्या उंचीचा किंवा फुलांच्या रंगाचा घटक जसा वाटला जातो, तसाच हा विषाणू मेंडेलच्या नियमाने वाटला जातो.

याच्या डीएनएची लांबी ३ लाख ३५ हजार जोड्यांहून अधिक आहे. २०१० साली एक्टोकार्पसचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात अशा विषाणूची जवळजवळ अख्खी प्रत सापडली. ती निद्रिस्त होती. याचे आश्चर्य वाटून घेण्याआधी आपल्याकडे पाहावे : माणसाच्या डीएनएतला सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोविषाणूंकडून आलेला आहे.

वर्गात काय करता येईल?

विषाणू पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, पण त्याचा वारसा नाण्यांनी दाखवता येतो. प्रत्येक मुलाने एक नाणे घ्यावे. छाप म्हणजे विषाणू असलेले गुणसूत्र, काटा म्हणजे नसलेले. एक फेक म्हणजे एक बीजाणू. प्रत्येकाने दहा वेळा नाणे उडवून किती छाप आले ते लिहावे. कुणाचे तीन येतील, कुणाचे सात. मग साऱ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडावी. ती निम्म्याच्या जवळ येईल. मोठ्या संख्येशिवाय मेंडेलचे प्रमाण का दिसत नाही, हेही त्यातून कळते. नंतर विचारावे : जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर विषाणू असेल तर? उत्तर मुलांनाच काढू द्यावे.

नाशिकला समुद्र नाही म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही. नीलहरित शैवाले प्रत्यक्षात जीवाणू असली, तरी पूर्वी त्यांची गणना शैवालांत होई. त्यांचा पहिला विषाणू १९६३ मध्ये अमेरिकेत सांडपाण्याच्या तळ्यात मिळाला. आर. एन. सिंग आणि पी. के. सिंग यांनी १९६७ मध्ये भारतातूनही असे विषाणू वेगळे केल्याचे जाहीर केले. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातली तरंगती शैवाले आणि असे जीवाणू उचलतात. तेव्हा त्यांच्यापैकी कोण जगते आणि कोण फुटते, याचा आपल्या श्वासाशी संबंध आहे.

'विषाणू म्हणजे रोग पसरवणारा सूक्ष्म कण' हे वाक्य आपण वर्गात सहज सांगतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. एका शैवालात अर्धसूत्री विभाजन विषाणूपासून सुटका करते, दुसऱ्यात तेच विभाजन विषाणू पुढच्या पिढीला देते. विषाणूंचा धडा आणि आनुवंशिकतेचा धडा पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर आहेत. शिकवताना त्यांच्यामधली पाने उलटून दाखवणे आपल्या हाती आहे.