खोली सोडली, आता डिपॉझिट कोण परत देणार?

शाळेचे वर्ष संपले की दाखला न्यायला पालक येतात. कोणाची कंपनी बदललेली असते, कोणी गावी परत निघालेला असतो. शिरूर तालुक्यात रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी. दौंडमध्ये रेल्वे आणि कुरकुंभची एमआयडीसी. त्यामुळे आपल्याकडे भाड्याने राहणारी कुटुंबे पुष्कळ. घरावर दोन खोल्या काढून भाड्याने देणारेही कमी नाहीत.

अशाच एका पालकाने मला विचारले, "सर, खोली सोडून दोन महिने झाले. पंचवीस हजार डिपॉझिट होतं. ज्यांच्या हातात दिलं ते चाचा वारले. मुलं म्हणतात, आम्हाला काही माहीत नाही. आता मागू कोणाकडे?"

हा प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

डिपॉझिट म्हणजे नेमके काय?

डिपॉझिट हे भाडे नाही आणि मालकाची कमाईही नाही. ते भाडेकरूचे पैसे आहेत, मालकाकडे ठेवलेले. सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानत ज्याची त्याला परत करण्याचा हुकूम आहे. मालक ते पैसे वापरतो, म्हणून उलमा त्याला कर्जाचा हुकूम लावतात. म्हणजे पैसे खर्च झाले, बुडाले, तरी परत द्यावेच लागतात.

जबाबदारी कोणाची?

मालक हयात असेल तर त्याचीच. "नवा भाडेकरू आला की त्याच्याकडून घेऊन देतो" असे सर्रास सांगतात. तुमची कबुली असेल तर ठीक, पण करारात तसे नसेल तर नव्या भाडेकरूची वाट बघायला तुम्ही बांधील नाही.

मालक वारले तर देणे मरत नाही. वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत ते फेडावे लागते. शरीयतही हेच सांगते. सूरह निसाच्या 11 आणि 12 व्या आयतींत वारसांचे हिस्से सांगताना वसीयत आणि कर्ज आधी, वाटणी नंतर, हे स्पष्ट आहे. त्या चाचांच्या मुलांनी घर वाटून घेण्याआधी हे पंचवीस हजार बाजूला काढायला हवेत.

घर विकले तर करार कोणता, हे पाहावे लागते. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 109 नुसार भाडेकरू नव्या मालकाला जबाबदार धरू शकतो. तसे त्याने केले नाही तर जुना मालक केवळ घर विकून सुटत नाही. पण आजकाल बहुतेक करार अकरा महिन्यांचे, लिव्ह अँड लायसन्सचे असतात. तो करार नव्या मालकावर आपोआप बंधनकारक नसतो. तेव्हा डिपॉझिट ज्याने घेतले त्याच्याकडेच मागायचे, किंवा विक्रीच्या वेळी नव्या मालकाकडून लेखी घ्यायचे.

एजंटच्या हातात पैसे दिले असतील तर मालकाने त्याला तो अधिकार दिला होता का, हे दाखवावे लागते. म्हणून पैसे थेट मालकाच्या खात्यावर टाकावेत. मशिदीचा किंवा एखाद्या ट्रस्टचा गाळा असेल तर पावती संस्थेच्या नावाची घ्यावी. विश्वस्त बदलतात, संस्था राहते.

किती कापता येते?

थकलेले भाडे, लाइट बिल, मोडतोडीचा खरा खर्च. वापराने भिंत मळली, रंग फिका झाला, ही मोडतोड नव्हे. रंगाचे पैसे कापायचे असतील तर करारात तसे लिहिलेले हवे.

कागद का हवा?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा परिशिष्टातील भागांना लागू आहे. आपले गाव त्यात येते का, हे वकिलाला विचारून घ्या.

खर्चाची भीती बाळगू नका. महिना 6,000 भाडे आणि 25,000 डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी फी शहरी भागात 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. एजंटचे पैसे वेगळे.

आपल्याला तर हे नवीन नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी शिकवण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" हे वाक्यच पुढे भांडण लावते.

पैसे अडकले तर?

"डिपॉझिट मिळेपर्यंत खोली सोडणार नाही," असे करू नका. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही राहिल्यास कलम 24 नुसार दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायचे असेल तर मालकाची संमती व्हॉट्सॲपवर तरी घ्या. खोली सोडताना फोटो काढा, मीटरचे रीडिंग टिपा, चावी दिल्याची सही घ्या.

तरीही पैसे मिळाले नाहीत तर आधी मोहल्ल्यातील दोन जाणती माणसे मध्ये घाला. नाही जमले तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. हा मुळात दिवाणी मामला आहे, पोलीस ठाण्यात बहुधा तसेच सांगतील. शिरूर आणि दौंड दोन्हीकडे न्यायालय आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केल्यास दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते. महिलांना, कारखान्यातील कामगारांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना वकीलही मोफत मिळतो. मात्र दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची, म्हणून "बघू, देतील" म्हणत बसू नका.

शेवटी घरमालक भावाबहिणींना एक विनंती. हजला निघताना आपण लोकांची माफी मागतो, देणी फेडतो. त्या यादीत भाडेकरूचे डिपॉझिटही लिहा. कोणाचे किती घेतले हे आजच वहीत टिपा आणि मुलांना दाखवून ठेवा. उद्या आपण नसलो तर दारात आलेल्या माणसाला "आम्हाला माहीत नाही" असे ऐकावे लागू नये.