मृदंगाचा ‘धा’ दोन हातांचा



लागण, पाणी, खत आणि उतारा हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. आज थोडे देवळाकडे वळू. आपल्या बहुतेक गावांत भजनी मंडळ आहे. टाळांचे दहा-पंधरा जोड आहेत, पेटी आहे, वीणा आहे. मृदंग वाजवणारा मात्र पुष्कळ ठिकाणी एकच, आणि तोही साठी ओलांडलेला. तो अंथरुणाला खिळला की शेजारच्या गावाला निरोप धाडायचा. सप्ताह आला की बाहेरचा मृदंगमणी ठरवायचा. बिदागी द्यावी लागते याचे दुःख नाही. दुःख हे, की गावातला हात एकदा गेला म्हणजे मृदंग खुंटीवर चढतो, आणि खुंटीवर चढलेला मृदंग सहसा खाली येत नाही.

मग नवे कोणी शिकत का नाही? विचारून पाहा, उत्तरे ठरलेली असतात. “माझं वय झालं, आता बोटं वळत न्हाईत.” “आमच्या पोराला तालच नाही.” “त्याचा एक हात अधू, त्याला काय येणार?” “पोरीच्या जातीला मृदंग कशाला?” यांतले एकही उत्तर टिकणारे नाही, हे दाखवावे एवढाच या लेखाचा हेतू.

आधी तोंड, मग बोट

आपल्याकडचे चर्मवाद्य आधी तोंडाने शिकतात. प्रत्येक आघाताला अक्षर आहे. त्याला बोल म्हणतात. मृदंगाचे, म्हणजेच पखवाजाचे, पहिले धडे ‘ता, दी, थुं, ना’ या बोलांचे. भजनात पदोपदी लागणारा केरवा आठ मात्रांचा: ‘धा गे न ती, न क धी न’. हे आठ बोल ज्याला चालता चालता, एका पावलाला एक मात्रा धरून, न अडखळता म्हणता आले, त्याचा निम्मा केरवा बसला असे समजावे. त्याला मृदंग लागत नाही, पैसा लागत नाही, लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही. दारे धरताना म्हणावे, म्हशीची धार काढताना म्हणावे.

‘पोराला ताल नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा इतकेच झालेले असते, की त्याच्या हाती आधी वाद्य दिले आणि बोल मागाहून सांगितले. नांगरट न करता लागण केल्यासारखेच ते. आधी बोल, मग टाळी, मग मांडीवर हात, आणि सर्वांत शेवटी मृदंग. या क्रमाने गेले तर मंद वाटणारे मूलही मागे राहत नाही. फार तर त्याला चार आठवडे जास्त लागतील.

कुरुंदवाडचा मुलगा, लाहोरची शाळा

पंचगंगा-कृष्णेच्या काठचे कुरुंदवाड आपणांस ठाऊक आहे. तेथे १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा होऊन त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांनी गाणे शिकून घेतले. त्या काळी विद्या म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहायचे, पडेल ती सेवा करायची आणि गुरू देईल तेवढे घ्यायचे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताला वर्ग, वेळापत्रक व परीक्षा लावून दिली. तेथे वादन शिकवणारे गुरुदेव पटवर्धन यांनी मृदंग-तबल्याचे पाठ लिहून काढले. ते पुस्तक १९०३ साली निघाले.

दार उघडले ते असे. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबला-पखवाजाच्या परीक्षांना आज शाळकरी मूल आणि नोकरी-शेती सांभाळणारा बाप्या एकाच बाकावर बसलेला दिसतो. आळंदीस जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापली. त्या आळंदीत आज गल्लोगल्ली मृदंगाचे शिक्षण चालते. म्हणजे शिकवण्याची रीत कधीचीच तयार आहे. प्रश्न फक्त आपल्या गावापर्यंत ती आणण्याचा.

‘धा’ची गोष्ट

मृदंगाच्या उजव्या तोंडावर ‘ता’ वाजतो. डाव्या तोंडावर उघडा ‘ग’ घुमतो. दोन्ही एकाच क्षणी पडले की ‘धा’ होतो. ‘धा’ एका हाताचा नाही.

आता यातच अधू हाताच्या मुलाचे उत्तर आहे. एकाचा डावा हात चालत नाही, दुसऱ्याचा उजवा. दोघांना एका मृदंगाच्या दोन तोंडांशी बसवा. एकाने ‘ता’ची बाजू धरावी, दुसऱ्याने ‘ग’ची. दोघांनी मिळून बोल म्हणावेत. प्रथम ‘धा’ फुटका येईल, कारण एक जण पुढे आणि एक मागे. आठवड्याभरात तो एकत्र पडू लागेल. सहकार म्हणजे काय हे सांगायला दुसरे व्याख्यान नको. डावखुऱ्या मुलाची तर अडचणच नाही. मृदंग उलटा फिरवून मांडीवर घेतला की झाले.

ज्याला वाजवणे अगदीच जमणार नाही त्यालाही काम आहे. डाव्या तोंडाला लावायची कणीक बेताची सैल मळणे, कार्यक्रम संपताच ती खरवडून पुडी पुसून ठेवणे (नाहीतर उंदीर पुडी कुरतडतात), गठ्ठे ठोकून मृदंग सुरात आणणे, पावसाळी हवेत पुडी उतरली तर वेळीच ओळखणे, ही सारी विद्याच आहे. चांगला वादक या कामाला हलके मानीत नाही.

ज्याला ऐकू येत नाही त्याने काय करावे?

येथे परमुलखातले एक उदाहरण देतो. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याघरची मुलगी, जन्म १९६५ चा. आठव्या वर्षापासून तिचे कान जाऊ लागले आणि बाराव्या वर्षी ती जवळजवळ ठार बहिरी झाली. तिच्या शिक्षकाने तिला घरी धाडले नाही. नगाऱ्यासारखे मोठे वाद्य वाजवायचे आणि तिने खोलीच्या भिंतीला हात लावून थरार ओळखायचा, अशी शिकवणी चालली. खालचा सूर पायांत जाणवतो, वरचा सूर गळ्याशी आणि चेहऱ्यावर, हे तिला कळत गेले. पुढे ती जगभर नावाजलेली वादक झाली. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सुमारे हजार स्वयंसेवक वादकांच्या ताफ्याचे नेतृत्व तिने केले. त्यांतल्या पुष्कळांनी तोवर ढोल हाती धरला नव्हता, आणि कित्येकांच्या हातात होत्या त्या पालथ्या बादल्या!

तेव्हा आपल्या गावातल्या मुक्या-बहिऱ्या पोराला मृदंगाच्या खोडावर तळवा ठेवून बसू द्या. डोळे नसलेल्याला तर बोल ऐकून पाठ करण्याची आपली रीत सरळच सोयीची आहे.

साठीतला विद्यार्थी

कोयता आणि खोरे धरून कडक झालेली बोटे लहान मुलासारखी झरझर चालणार नाहीत, हे खरे. पण भजनाला दुगण-चौगणीची घाई थोडीच आहे? ठाय लयीत ठेका धरून तासभर न ढळता बसणे हे भजनाचे खरे काम, आणि तो धीर वयाने येतो. मोठ्या माणसाने एकदम तासभर बडवू नये, मनगट धरते. सकाळी पाव तास, संध्याकाळी पाव तास, पण रोज. लहान मुलाला मोठ्या मृदंगाची दोन्ही तोंडे कवेत येत नाहीत. त्याने ढोलकीवर किंवा डब्यावर सुरुवात करावी.

पोरींविषयी एकच सांगणे. ढोल-ताशाच्या पथकांतून मुली कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवतात, हे आपण गणेशोत्सवात पाहतो. मृदंग त्याहून जड नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गावात तालाची जाण असलेले हात नाहीत असे नाही. हलगीवाले आहेत. लग्न, जत्रा, दवंडी, मयत, साऱ्या कामांना आपण त्यांना बोलावले आणि मानाच्या वेळी बाहेर उभे केले. मृदंगाला चामडे लागते, ते कमावणाऱ्यालाही तीच वागणूक मिळाली. देवळात तालाचा वर्ग भरवायचा असेल तर हलगीवाल्याला आत, सतरंजीवर, शिकवणारा म्हणून बसवा. त्याचे पोर आपल्या पोराशेजारी बसेल तरच तो वर्ग गावाचा.

आरंभ कसा करावा?

गळीत संपला की संध्याकाळी थोडी उसंत मिळते. तेव्हापासून आषाढी वारीपर्यंत दोन-अडीच महिने हाती राहतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास पुरे. पहिला महिना केवळ बोल आणि टाळी. दुसऱ्या महिन्यात एक मृदंग मध्ये ठेवून पाळीपाळीने हात. बाकीच्यांनी मांडीवर वाजवत बोल म्हणायचे. म्हाताऱ्यांनी लय धरावी, पोरांनी चुकावे, पुन्हा धरावी. कोणाला हसू नये एवढा एकच नियम.

दोन महिन्यांत कोणी मोठा पखवाजी होणार नाही. परंतु जो वृद्ध मृदंगमणी आज एकटा बसतो आहे, त्याच्या जवळचे बोल पाच-दहा तोंडांत जातील. ते त्याच्याबरोबर जाऊ द्यायचे की गावात ठेवायचे, हे तो हयात आहे तोवरच ठरवता येते. तेव्हा येत्या एकादशीला भजन आटोपले की त्यांना विचारा, “बुवा, शिकवाल काय?” नाही म्हणणारा मृदंगमणी क्वचितच भेटेल.