‘ला’ लागला तरी कर्ताच

आइसलँडिक वाक्यरचनेत हयात घालवलेल्या होस्कुल्दुर थ्राइन्सन यांचा हार्वर्डमधला प्रबंध 1979चा आणि ‘द सिंटॅक्स ऑफ आइसलँडिक’ हा ग्रंथ 2007चा. एवढी वर्षं खपावं असं तिथे काय आहे? ‘मेर एर काल्ट’, शब्दशः ‘मला थंड आहे’, अशा वाक्यांतला चतुर्थीतला कर्ता, हे त्यातलं एक गाजलेलं कोडं. हेच कोडं मराठीत, पुण्याजवळच्या भोसरीतही मांडता येईल. ‘रमेशला आपली शिफ्ट आवडते’ हे एमआयडीसीच्या फाटकावर सहज कानी पडेल असं वाक्य घ्या. क्रियापद शिफ्टप्रमाणे चालतं, मग रमेश कर्ता कसा, अशी शंका निघेल. पण ‘रमेशने भाकरी खाल्ली’ म्हणतानाही क्रियापद भाकरीमागेच जातं. तिथे रमेशचं कर्तेपण कोणी काढून घेत नाही. खरी कसोटी ‘आपली’ची; हा शब्द सहसा वाक्याच्या कर्त्याकडे वळतो. ‘सुरेशला रमेशने आपली वही दिली’ यात सुरेश आधी येऊनही वही रमेशचीच, म्हणजे नुसता क्रम किंवा नुसता ‘ला’ पुरत नाही. शिफ्टच्या वाक्यात मात्र ‘आपली’ त्या ‘ला’वाल्या रमेशलाच चिकटते, शब्द उलटसुलट केले तरी सुटत नाही.